आमच्या मांजराची दादागिरी फक्त माझ्यावरच चालते, अजून कुणाच्या घरी असं आहे का?

पनवेलचा_बाबा
नमस्कार मंडळी. हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच टेकीला आलोय. आमची चिंगी दोन वर्षांची आहे, पार्किंगमध्ये पावसात भिजून कुडकुडत होती तेव्हा मीच उचलून आणली, डॉक्टरांनी दिलेली दूध पावडर ड्रॉपरने मीच पाजली, रात्र रात्र जागलोय तिच्यासाठी. आणि आता बायकोच्या मांडीवर घुरघुरत पडते, लेक तिला बाहुलीचा फ्रॉक घालते तरी हूं की चूं नाही, फक्त मी दिसलो की अंगात येतं हिच्या. पहाटे साडेचारला चादरीखाली माझा अंगठा जरा हलला की दात. उठून वाटीत खाऊ टाकला की मग गप्प. रात्री पाणी प्यायला उठलो तर पॅसेजच्या पडद्यामागे दबा धरून बसलेली असते, आधी बूड हलवते, डोळे काळेभोर होतात आणि थेट पोटरीवर झडप. लहान होती तेव्हा माझ्या बोटांशी कुस्ती खेळायची, तेव्हा किती गोड वाटायचं. घरून काम करतो ती खुर्चीपण तिचीच झालीये, मी चहा आणायला उठलो की ही बसलीच, हात लावला की पंजा. परवा दोन तासांची मीटिंग स्टुलावर बसून केली, कंबर धरली. घरी सांगितलं तर म्हणतात तूच काहीतरी केलं असशील. अरे मी काय केलं, जीवच लावला ना? कुणाला काही उपाय माहीत असेल तर प्लीज सांगा.

कुकीचा_बाप
दादा तुम्ही एकटे नाही. आमच्याकडे पॉमेरेनियन कुत्रा आहे, साडेतीन किलोचं जनावर, पण रात्री बायको सोफ्यावर बसली आणि मी शेजारी बसायला गेलो की गुरगुर सुरू. चार महिने मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टीव्ही बघतोय. लग्नाला अकरा वर्षं झालीत हो आमच्या. हे कुणाला सांगायला जावं तर लोक पोट धरून हसतात, म्हणून तुमचं वाचून डोळ्यात पाणीच आलं खरं सांगतो.

मांजरवाली_मावशी
पनवेलचे बाबा, पहिलं विचारते, दात लागून रक्त आलंय का कधी? आलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, घरचंच मांजर आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. मांजराचे दात सुईसारखे, जखम वरून बारीक दिसते पण आत खोल जाते आणि पिकते. तिची रेबीजची लस दरवर्षी होतेय ना तेही बघा.

आता चिंगीबद्दल. ती तुमचा राग करत नाही हो! मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघणारं जनावर, चादरीखाली हलणारा अंगठा म्हणजे तिच्यासाठी उंदीरच. त्यात एकटंच वाढलेलं पिल्लू, भावंडं असली की एकमेकांना चावून चावून कळतं किती जोरात चावायचं नाही ते, हिला ते शिकवायला कुणी नव्हतं आणि तुम्ही बोटं खेळायला दिलीत. बायको शांत बसलेली असते, तुम्ही घरभर फिरता, म्हणून तुम्हीच. आणि चावल्यावर उठून खाऊ देता म्हणजे चावलं की ताट येतं हे तुम्हीच शिकवलंत, रागावू नका स्पष्ट बोलते म्हणून.

करायचं काय, तर झाडूच्या लांब काडीला दोरी आणि टोकाला चिंधी बांधा, झोपायच्या आधी पंधरा मिनिटं तिला दमेपर्यंत पळवा, शेवटी चिंधी पकडू द्या आणि मग पोटभर जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा क्रम आहे त्यांचा. पहाटे मात्र काही झालं तरी उठायचं नाही, ओरडायचं नाही, पाय ओढायचा नाही, जाड पांघरूण घ्या. पहिले काही दिवस उलट जास्त त्रास देईल, तिथे हरलात तर सगळं पाण्यात. मारायचं नाही, पाण्याचा फवारापण नको, तिला तुमचीच भीती बसेल.

कुकीच्या बाबांनी गुरगुरल्यावर ओरडू नका, ती सूचना असते, दाबली तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल. महिनाभर त्याचं जेवण आणि फिरवणं तुम्हीच घ्या. सोफ्याकडे एकेक पाऊल टाकताना त्याच्यापुढे उकडलेल्या चिकनचा तुकडा, रोज वीतभर जवळ, गुरगुरला की मागे. आणि गुरगुरला की वहिनींनी उठून निघून जायचं, अंजारायचं नाही. त्या हसून कुरवाळत असतील तर तुमचं काही खरं नाही.

सांगलीकर_९
आमच्याकडे कॉकटेल (कॉकाटील, छोटा परदेशी पोपट) आहे, तो वडिलांच्या कानाला चावतो, आईने हाक मारली की सोडतो. पेपर वाचताना खांद्यावर बसू द्यायचं बंद केलं आणि हातावर बसायला शिकवलं तेव्हापासून बरंच कमी झालंय. आणि कुणी त्यावरून देशी पोपट आणायच्या विचारात असेल तर नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो घरी ठेवता येत नाही.

पनवेलचा_बाबा
मावशी, खूप आभार. रक्त एकदा आलं होतं, तेव्हा इंजेक्शनं घेतली होती, तिची लसपण झालीये. नऊ दिवस झाले काडीचा खेळ करतोय, लेकीने चिंधीऐवजी जुन्या मोज्याचा उंदीर शिवून दिलाय. चौथ्या रात्री तर तिने अंगठा सोडून माझी दाढीच धरली, पण उठलो नाही, दात ओठ खाऊन पडून राहिलो. काल पहिल्यांदा पावणेसहापर्यंत झोपलो हो! खुर्चीचं म्हणाल तर खिडकीपाशी ऊन येतं तिथे तिला खोक्यात माझा जुना स्वेटर घालून दिलाय, दुपारी तरी तिकडे जाते, सकाळच्या मीटिंगला अजून मी स्टुलावरच.

कुकीचे बाबा, तुम्ही सोफ्यापासून किती वीत लांब आहात ते कळवा.