काइट कनेक्टची जावास्क्रिप्ट लायब्ररी: ब्राउझर विनंती अडवतो आणि दहानंतरच्या कँडल येत नाहीत

प्रश्न – निफ्टीकर

झिरोधा या शेअर दलाल कंपनीच्या काइट कनेक्ट एपीआयची (प्रोग्रामला भाव आणि ऑर्डरची सोय देणारी जोडणी) जावास्क्रिप्ट लायब्ररी मी एनपीएम या पॅकेज-भांडारावरून घेतली असून, इन्फोसिसच्या मागील एका वर्षाच्या पाच मिनिटांच्या कँडल (तेवढ्या वेळातला सुरुवातीचा, सर्वाधिक, सर्वात कमी आणि शेवटचा भाव) रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बनवलेल्या पानावर आलेखाच्या रूपात दाखवायच्या आहेत. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणारा कोड जसाच्या तसा पानात घातला की ब्राउझर 'कॉर्स'चे (दुसऱ्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या विनंत्यांवरचे ब्राउझरचे नियम) कारण देऊन विनंती अडवतो. नोडमध्ये उत्तर येते खरे, परंतु एका दिवसाच्या 9:15 ते 15:30 या वेळेतील कँडल मागितल्या तरी सकाळी दहाच्या पुढचे काहीच मिळत नाही. डेट ऑब्जेक्टवर टू-आयएसओ-स्ट्रिंग चालवून, त्यातील 'टी' आणि शेवटचा 'झेड' काढून, ती स्ट्रिंग मी पाठवतो. हे पान पुढे आमच्या गुंतवणूकदार मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर – सर्व्हरवाला

ब्राउझरचा अडथळा ओलांडण्याच्या युक्त्या शोधू नका. तो तेथे असणेच योग्य आहे. लॉगिननंतर मिळणारे रिक्वेस्ट टोकन (तात्पुरता संकेत) देऊन अ‍ॅक्सेस टोकन (पुढच्या विनंत्यांसाठीचा परवाना) मिळवताना एपीआय की, रिक्वेस्ट टोकन आणि एपीआय सीक्रेट (गुप्त किल्ली) यांचा एकत्रित एसएचए-256 चेकसम (त्यांपासून गणिताने काढलेला ठसा) पाठवावा लागतो. हे सीक्रेट पानाच्या कोडमध्ये ठेवले, तर पान उघडणाऱ्या कोणालाही ते वाचता येईल, आणि त्याच खात्यातून ऑर्डरही जात असल्यामुळे प्रश्न केवळ भाव पाहण्यापुरता राहत नाही. त्यामुळे लायब्ररी नोडच्या सर्व्हरवरच चालवावी आणि पानाने कँडल आपल्या सर्व्हरकडे मागाव्यात. अ‍ॅक्सेस टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता संपते, तेव्हा रोजच्या लॉगिनची सोयही ठेवावी लागेल.

उत्तर – पाचमिनिटे

दहाचे कोडे वेळेच्या पट्ट्याचे आहे. टू-आयएसओ-स्ट्रिंग नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. म्हणून 9:15 चे 03:45 आणि 15:30 चे 10:00 होतात. शेवटचा 'झेड' तुमच्या स्ट्रिंगमध्ये राहत नसल्यामुळे पलीकडे हे आकडे भारतीय वेळेचे समजले जातात. पहाटे पावणेचारला बाजार बंद असतो, सव्वानऊला उघडतो आणि तुमची मर्यादा दहाला संपते, म्हणून तेवढाच तुकडा हाती येतो. यावर उपाय म्हणजे '2025-01-15 09:15:00' अशी स्ट्रिंग भारतीय वेळेतच तयार करून देणे. सर्व्हर परदेशातील क्लाउडवर असेल, तर यंत्राच्या स्थानिक वेळेवर अजिबात विसंबू नये, 'एशिया/कोलकाता' असा पट्टा कोडमध्ये स्पष्ट लिहावा.

यानंतर वर्षभराचा डेटा एकदम मागाल, तर तीही विनंती नाकारली जाईल. पाच मिनिटांच्या कँडलसाठी एका विनंतीत 100 दिवसांची मर्यादा आहे (एक मिनिटासाठी 60, दैनिक कँडलसाठी 2000), म्हणजे वर्षासाठी चार तुकडे करावे लागतील. ऐतिहासिक डेटासाठी सेकंदाला तीनच विनंत्या चालतात. सगळ्या एकाच वेळी प्रॉमिस-ऑलमध्ये (अनेक कामे एकत्र चालवण्याची जावास्क्रिप्टची सोय) सोडण्याऐवजी एकामागून एक पाठवणे बरे. एकदा मिळालेल्या जुन्या कँडल आपल्याच डेटाबेसमध्ये साठवाव्यात, कारण रोज तेच पुन्हा मागवण्यात काही अर्थ नाही. पुढेमागे फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळलात, तर साठवणीसाठी इन्स्ट्रुमेंट टोकन (प्रत्येक शेअर वा कराराला दिलेला क्रमांक) ही चावी म्हणून वापरू नका. मुदत संपल्यावर तोच क्रमांक दुसऱ्या कराराला दिला जाऊ शकतो.

उत्तर – भावफलक

तांत्रिक बाजू वरील दोघांनी सोडवली आहे. माझा आक्षेप प्रश्नातील शेवटच्या वाक्याला, म्हणजे पान सर्वांसाठी खुले ठेवण्याला आहे. तुमचे खाते तुम्हाला स्वतःच्या वापरासाठी डेटा देते, तो सार्वजनिक पानावर पुन्हा वाटण्याचा हक्क देत नाही. भाव हा बाजाराचा विकाऊ माल आहे, आणि एनएसईच्या बाबतीत त्याचे परवाने 'एनएसई डेटा अँड अ‍ॅनालिटिक्स' ही कंपनी देते. शिवाय सेबीने मे 2024 च्या परिपत्रकाने तात्काळ भाव त्रयस्थांना देण्यावर बंधने घातली आहेत. सर्व्हरमार्गे डेटा आणला म्हणून ही अट सुटत नाही. पानाला लॉगिन लावून ते स्वतःपुरते ठेवावे; मंडळासाठी हवे असेल, तर आधी परवान्याची चौकशी करावी.

निफ्टीकर

दोन्ही खुलाशांबद्दल आभार. तारखेची स्ट्रिंग भारतीय वेळेत दिल्यावर 15:25 पर्यंतच्या सर्व कँडल आल्या. 15:30 ची मात्र दिसत नाही.

पाचमिनिटे

ती नसणारच. कँडलवर तिच्या सुरुवातीची वेळ असते. 15:25 ची कँडल 15:30 ला पूर्ण होते.