ब्रुअरीने लोकांशी बोलायचं नाही, मग लहान ब्रुअरीने जगायचं कसं?

शिंपोलीकर

काल इथे 'पर्मिट रूम' यांनी क्राफ्ट ब्रुअऱ्यांबद्दल, म्हणजे कमी प्रमाणात वेगवेगळ्या चवींची बिअर बनवणाऱ्या लहान कारखान्यांबद्दल, लिहिलं: "मुंबईच्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांनी इन्स्टावर लोकांशी सलगी करणं थांबवावं आणि बिअरकडे लक्ष द्यावं. किंगफिशरने मला कधी 'कसा आहेस' विचारलं नाही, तरी कॉलेजपासून तीच पितोय. माल चांगला असेल तर गिऱ्हाईक येतंच." खाली भराभर अंगठे पडले. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

किंगफिशरला विचारायची गरजच नाही हो. टीव्हीवर दारूची थेट जाहिरात २००० सालापासून बंद आहे, तरी त्याच नावाचा सोडा, कॅलेंडर, क्रिकेट टीमांची स्पॉन्सरशिप, सगळं आपल्या डोळ्यांसमोर राहिलंच. लहान ब्रुअरीकडे यातलं काय आहे? आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात तर दारूच्या जाहिरातीलाच बंदी आहे. डूलाली ही ब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि मग मुंबईत आली. लोअर परळला बार्किंग डिअर हा स्वतःची बिअर बनवणारा बार उघडला, गेटवे ब्रुअरीने डोंबिवलीत बिअर बनवायला घेतली. तेव्हा गव्हाची बिअर गढूळ का दिसते, तिला केळ्याचा वास का येतो, हे मुंबईकराला कोण सांगणार होतं? वेटरला माहीत नव्हतं. माझ्यासमोर लोकांनी ग्लास परत पाठवलेत, "खराब आहे" म्हणून. त्यात केळं नसतं, तो वास यीस्टमुळे येतो, हे मला एका ब्रुअरने कॉमेंटमध्ये चार ओळींत समजावलं.

माझ्या बायकोला कडू काही चालत नाही. तिने एका पेजवर सहज विचारलं की माझ्यासारखीने काय प्यावं. उलट प्रश्न आला, "चहा कोणता आवडतो? कोरा की आल्याचा?" ती म्हणाली आल्याचा, भरपूर साखर घालून. त्यांनी बेल्जियन विट ही गव्हाची बिअर सुचवली, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. आज आमच्या घरात बिअर कुठली प्यायची हे ती ठरवते. हे होर्डिंगने झालं नसतं. २०२० च्या टाळेबंदीत टाक्यांतली ताजी बिअर ओतून द्यावी लागली, तेव्हाही ब्रुअऱ्यांना ते सांगायला दुसरी जागा कुठे होती?

पर्मिट रूम

शिंपोलीकर, माझी पोस्ट अर्धीच उचललीत. कारण मी खाली दिलं होतं, ते पुन्हा देतो.

गणपतीच्या आधी अंधेरीतल्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरून ताजी बिअर देणाऱ्या बारमध्ये, बसलो होतो. पहिल्याच घोटाला आंबूस, चक्क व्हिनेगरसारखी. वेटर म्हणाला, "सर, क्राफ्ट में ऐसाच होता है." भांडलो नाही, पैसे दिले, घरी आलो, त्यांच्या पेजवर सभ्य भाषेत लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर: "अरे दादा, डीएम करा ना!" पुढे लाल बदाम. डीएम, म्हणजे खाजगी मेसेज, केला. उत्तर नाही. सकाळी पाहतो तर माझी कॉमेंटच गायब. ही तुमची जवळीक.

आणि दर बघा. ग्लासाला चारशे-पाचशे, १ नोव्हेंबर २०२३ पासून बारमधला व्हॅट ५ वरून १० टक्के झालाय, वर सर्व्हिस चार्ज. एवढे पैसे घेतल्यावर मला 'फॅमिली' म्हणू नका. आमच्या नाक्यावरच्या बारमध्ये अण्णा मला ओळखतात. त्यांनी मला कधी फॅमिली म्हटलं नाही, पण बाटली खराब निघाली तर एक शब्द न बोलता बदलून देतात.

टॅपमागून

बांद्र्यातल्या एका बारमध्ये टॅपवर, म्हणजे बिअरच्या नळावर, काम करतो, म्हणून बोलतो. आंबूस चव बहुतेक वेळा ब्रुअरीची नसते, बारच्या पाइपची असते. केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, नळापर्यंतची लाइन दर दोन आठवड्यांनी धुवावी लागते. धुतली नाही की आत थर बसतो, मग कितीही चांगली बिअर पाठवा, ग्लासात आंबटच येणार. कधी लोण्यासारखा वास येतो, तेव्हाही आधी लाइनच तपासायची.

एकदा एका गिऱ्हाइकाने मला मोबाइल दाखवला. ब्रुअरीने व्हिडिओ टाकला होता: ग्लासाच्या आतल्या कडेला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास नीट धुतलेला नाही. त्याच्या ग्लासात तसेच बुडबुडे होते, खालपासून वरपर्यंत. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी भांडी धुवायचा साबण बदलला आणि बिअरचे ग्लास तेलकट प्लेटांपासून वेगळे ठेवायला लावले. गिऱ्हाईक शिकलं की बारला सुधारावं लागतं. पर्मिट रूम, तुम्ही ब्रुअरीला धरलंत, धरायला पाहिजे होतं बारला.

पर्मिट रूम

टॅपरूम त्यांचीच होती हो. पाइपही त्यांचाच. तुमचा खुलासा माहिती म्हणून घेतो, पण त्याने कॉमेंट का उडवली याचं उत्तर मिळत नाही.

पेज सांभाळलेली

उत्तर मी देते. मी एका एजन्सीत असताना एका ब्रुअरीचं पेज सांभाळलं. सोबत केसांचं तेल आणि एक बिल्डर, तिन्ही पेजं माझ्याकडेच. ब्रुअर दिवसभर टाक्यांपाशी, त्याला फोन हातात घ्यायला वेळ नाही. त्याचं नाव खाली टाकून उत्तरं मी लिहायची. सूचना ठरलेल्या: समोरच्याचं नाव घ्यायचं, एक प्रश्न विचारायचा, शेवटी बदाम. तक्रार आली की डीएममध्ये न्यायची आणि कॉमेंट लपवायची. डीएम बघणारं कोणी नव्हतं, कारण त्याचे पैसे करारात नव्हते. माझ्या ओळखीत असं काम करणाऱ्या बऱ्याच जणी होत्या.

शिंपोलीकर, तुमच्या मिसेसना चहाचं विचारणारा ब्रुअरच होता, असं छातीठोक सांगू नका.

शिंपोलीकर

सांगतो, कारण पुढच्या महिन्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा तो स्वतः टेबलाशी आला आणि म्हणाला, "आल्याच्या चहावाल्या तुम्हीच का?" तुम्हाला वाईट मालक भेटला म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका.

पेज सांभाळलेली

सगळ्यांना कोण म्हणालं? मालक स्वतः लिहीत असेल तर पहिला नमस्कार माझा. मी एवढंच म्हणतेय की वाचणाऱ्याला फरक कळत नाही. आणि न कळण्यावरच हा धंदा चालतो.

हॉप्सवेडा

स्कॉटलंडच्या ब्रूडॉगचं उदाहरण घ्या. २००७ ची कंपनी, २००९ पासून चाहत्यांनाच शेअर विकले, "ही तुमची ब्रुअरी" म्हणून. २०१७ मध्ये टीएसजी या खासगी गुंतवणूक कंपनीने सुमारे २२ टक्के हिस्सा घेतला. २०२१ मध्ये माजी कर्मचाऱ्यांनी उघड पत्र लिहिलं की आत भीतीचं वातावरण आहे, कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. त्यांचा बार मुंबईतही आला. बाहेर चाहत्यांशी एवढी दोस्ती आणि आत कामाला असलेल्यांची ही गत. म्हणून मी पेजवरच्या गोडव्याला किंमत देत नाही. टाकीपाशी काम करणारा पोरगा तिथे किती वर्षं टिकलाय, ते विचारतो.

डोंबिवली पूर्व

सगळं वाचलं. एकाही ब्रुअरीला न पडलेला प्रश्न मला पडलाय. शिंपोलीकरांनी वर गेटवेचं नाव घेतलं. बिअर आमच्या डोंबिवलीत बनायची, आणि आम्ही ती प्यायला बांद्रा-खार गाठायचं. "ब्रुअरला भेटा" कार्यक्रम असतो कुठे? खारला, रात्री नऊला, तोही आठवड्याच्या मधल्या वारी. दादरहून कल्याणची शेवटची गाडी पकडायची असते आम्हाला. पहिला ग्लास संपेपर्यंत मनात वेळापत्रक. ठाण्याच्या पुढे जीव ओवाळून टाकणारे चाहते आहेत, त्यांच्याशी 'वैयक्तिक नातं' म्हणजे फोनवरचा बदाम?

आणि आख्खं पेज इंग्रजीत. मी एकदा मराठीत विचारलं, "ही बिअर ठाण्यात कुठे मिळेल?" उत्तर इंग्रजीत आलं, बांद्र्याचा पत्ता देऊन.

माटुंगा रोड

भाषा कशाला आणता मध्ये? पाचशेचा ग्लास पिणाऱ्याला इंग्रजी येतंच.

डोंबिवली पूर्व

येतं. मला बँकेत येतं, ऑफिसात येतं. पण तुम्ही जवळीक म्हणता ना? मग ज्या शहरात धंदा करता तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलायला काय लागतं? एका पेजने आषाढी एकादशीला पोस्ट टाकली होती, ड्राय डेला जिवंत कसं राहायचं, वगैरे. मी बिअर पितो आणि आषाढीचा उपासही करतो. माझे आजोबा वारीला जायचे. त्या पोस्टखाली शंभरेक हसणारे चेहरे बघून मी ते पेज सोडलं. लिहिणाऱ्याला आमच्यातला एक माणूस जरी जवळून माहीत असता तर हे लिहिलं गेलं नसतं.

माटुंगा रोड

मराठीत बिअरचं पेज काढलं तर पहिली शिवी मराठी माणूसच देईल, संस्कृती बुडवली म्हणून. मालक घाबरतात ते याला. माझ्या मावसभावाने पुण्यात बार काढला, पाटी मराठीत लावली, तर आमच्याच नातेवाइकांनी लग्नाला बोलवायचं बंद केलं. घरात बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लपवायची आणि इथे भाषेचा अभिमान मिरवायचा, हे आधी आपण थांबवू.

डोंबिवली पूर्व

माझ्या घरी लपवत नाही. वडील आणि मी समोरासमोर बसतो, मध्ये शेंगदाण्याची वाटी. तुमच्या नातेवाइकांचा राग माझ्यावर काढू नका.

टॅपमागून

मराठीत बोलणारं गिऱ्हाईक आमच्याकडे रोज येतं. मेनू बघून गप्प बसतं, मग मी मराठीत विचारलं की मोकळं होतं. सोपं असतं: "कडू चालेल का? आंबट चालेल का? कॉफीचा वास आवडतो का?" एवढ्यात माणसाला त्याची बिअर मिळते. पेजवर हेच लिहायला भीती कसली, मला समजत नाही.

सतरा वर्षांच्या मुलाची आई

तुम्ही भाषेवर भांडताय, माझी काळजी वेगळी आहे. बिअरसाठी आपल्या राज्यात २१ वर्षांची अट. माझा मुलगा बारावीला. त्याच्या फोनवर ब्रुअरीचं पेज: "मित्रा, शनिवारी कुठे?" त्याने कॉमेंट केली, त्यांनी त्याला नावाने उत्तर दिलं. बारच्या दारात त्याला कोणी आत घेतलं नसतं. फोनमध्ये हात धरून नेलं. जाहिरातीला बंदी असताना ही जाहिरात नाही तर काय आहे?

शिंपोलीकर

ताई, पेजला वयाची अट लावता येते, इन्स्टावर तशी सोय आहे.

सतरा वर्षांच्या मुलाची आई

सोय आहे ना? मग त्या पेजने लावली का नव्हती? मुलांनी खोटं वय टाकलं तर पुढचं माझं मी बघेन. आधी दार तर लावा.

पेज सांभाळलेली

ताईंचं खरं आहे. अट लावली की पोस्ट कमी लोकांपर्यंत जाते असं क्लायंट म्हणायचे, म्हणून ती टाळली जायची. माझ्यासमोर झालंय.

शिंपोलीकर

ठीक आहे. ताईंच्या मुद्द्यावर माझ्याकडे बचाव नाही. वयाची अट न लावणाऱ्या पेजची बाजू मी घेणार नाही. कॉमेंट उडवणंही चूक, तेही मानतो, जरी पर्मिट रूम यांना ते ऐकून फार आनंद होईल. पण म्हणून लहान ब्रुअरीने तोंड बंद ठेवावं, हे मला आजही पटत नाही. १४ जुलै २०२५ च्या बंदला करवाढीविरुद्ध बारवाल्यांनी शटर खाली ओढली, तेव्हा कर कुठे कसा लागतो हे मला एका ब्रुअरीच्या पेजवरूनच समजलं. गप्प ब्रुअरीकडून आपल्याला फक्त बिल मिळतं.

पर्मिट रूम

आनंद बिनंद काही नाही. माझी मागणी तेवढीच होती आणि आहे: तक्रार उघड्यावर राहू द्या, उत्तर तिच्याखाली उघड्यावर द्या. "त्या दिवशी लाइन धुतली नव्हती, या, ग्लास आमच्याकडून." एवढं लिहिलं असतं तर मी परत गेलो असतो. असं उत्तर देणारी ब्रुअरी असेल तर तिने बोलावं, खुशाल बोलावं.

माटुंगा रोड

म्हणजे शेवटी तुम्ही शिंपोलीकरांच्याच बाजूला आलात.

पर्मिट रूम

नाही. ते म्हणतात बोलणं आधी. मी म्हणतो ग्लास आधी.

डोंबिवली पूर्व

आणि माझ्या प्रश्नाला इथेही कोणी हात लावला नाही. ब्रुअरीवाले हा धागा वाचत असतील, त्यांना थेट विचारतो: महिन्यातला एक कार्यक्रम डोंबिवलीत किंवा ठाण्यात, रविवारी दुपारी, मराठीत बोलणारा माणूस सोबत. पंचवीस जण मी गोळा करतो, पैसे आगाऊ भरतो. उत्तर इथेच द्या, डीएममध्ये नको.