डिस्क नाही, खोकं नाही, तरी डाउनलोड गेम तेवढ्यालाच का?

पिक्सेलवेडा:
डाउनलोडला छपाई, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन काहीच लागत नाही. तरी मोठा नवा गेम दोन्हीकडे ७० डॉलरलाच. वर काही महिन्यांत डिस्कची किंमत उतरते, कन्सोलच्या स्टोअरवरची किंमत मात्र ढिम्म. असं का? आणि दुकानं कशी टिकणार?

हिशेबनीस:
दुकानदार गेला, पण त्याच्या जागी ऑनलाइन स्टोअर आलं. रूढ दर ३० टक्के, म्हणजे ७० पैकी २१ डॉलर तिथेच. पीसी गेमचं स्टोअर स्टीम (व्हॉल्व्ह कंपनीचं) याने २०१८ मध्ये १ कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर २५ आणि ५ कोटींपुढे २० टक्के घ्यायला सुरुवात केली, प्रतिस्पर्धी एपिकने त्याच वर्षी १२ टक्क्यांनी ऑनलाइन दुकान मांडलं. वाचलेला पैसा बहुतेक प्रकाशकाकडे राहिला.

डिस्क उतरते ती पडून राहिलेल्या मालामुळे. दुकानाचे पैसे अडकलेले असतात, फळी मोकळी करायची असते. सर्व्हरवरच्या फाइलला ती घाई नाही. शिवाय कन्सोलवर डाउनलोड विकणारा जवळजवळ एकटाच, कन्सोलची कंपनी. प्लेस्टेशनवाल्या सोनीने एप्रिल २०१९ पासून दुकानांतले पूर्ण गेमचे डाउनलोड कोडही थांबवले, उरली स्टोअरच्या खात्यात पैसे भरायची वॉलेट कार्डं. पीसीवर तसं नाही: निर्माता स्टीमच्या कीज (गेम चालू करायचे कोड) बाहेर विकू शकतो आणि त्यावर व्हॉल्व्ह हिस्सा घेत नाही. म्हणून तिथे सवलतींची चुरस दिसते.

जुनीडिस्क:
दुकानांचं खरं दुखणं वेगळंच आहे. नव्या गेमवर मार्जिन बारीक, कमाई वापरलेल्या डिस्कवर. अमेरिकेतली गेम दुकानांची साखळी गेमस्टॉप, तिच्या ताळेबंदात वापरलेल्या मालावरचा ढोबळ नफा वर्षानुवर्षं ४० टक्क्यांच्या वर असायचा. डाउनलोड परत विकता येत नाही, त्यामुळे एका डाउनलोडमागे दुकानाची नवी विक्री जाते आणि तीच डिस्क पुन्हा पुन्हा विकण्याची संधीही.

पिक्सेलवेडा:
मग डिस्क ड्राइव्हवाला कन्सोल घ्यावा?

हिशेबनीस:
गेम संपवून विकणार असाल तर नक्की. २०२० साली पीएस५च्या (प्लेस्टेशन ५) ड्राइव्हवाल्या आणि बिनड्राइव्हच्या मॉडेलांत १०० डॉलरचा फरक होता. ७० ची डिस्क ४० ला गेली तर खर्च ३०. दर डिस्कमागे ४० परत, म्हणून तीन डिस्कांत फरक वसूल. मात्र लवकर विका, स्टोअरवर पहिली मोठी सवलत लागली की जुन्या डिस्कचा भावही पडतो. बिनड्राइव्हच्या मॉडेलला नंतर वेगळा ड्राइव्ह घेतलात तर जोडताना एकदा इंटरनेट लागतं.

जुनीडिस्क:
खोक्यावरचा मजकूर वाचा. आत नुसता कोड असेल तर एकदा वापरला की पुन्हा विकता येत नाही. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या गेम-की कार्डात गेम नसतो, डाउनलोड करावाच लागतो, पण कार्ड विकता येतं.