रेडिएटरचं जुनं घर आणि जमिनीतला हीट पंप: 'नाव काढू नका' म्हणणाऱ्यांना उत्तर

हनोव्हरकर

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरातल्या पाण्यात आणणारं यंत्र. ते पाणी रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ पत्र्यांत, किंवा फरशीखालच्या नळ्यांत (फ्लोअर हीटिंग) फिरून खोली गरम करतं. मागच्या आठवड्यात माझ्यासारख्याच जर्मनीत राहणाऱ्या डॉर्टमुंडकरांनी इथे लिहिलं: "जुन्या घरात हीट पंप म्हणजे पैसा मातीत घालणं. फ्लोअर हीटिंग नसेल तर नाव काढू नका. रेडिएटरला 70 अंशांचं पाणी लागतं, ते पंप देत नाही." खाली चाळीस लाइक. त्यातल्या दोघांना तरी या वर्षी बॉयलर बदलायचाय हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर 1964 चं, विटांचं, 140 चौरस मीटर. छताला नंतर घातलेलं इन्सुलेशन, खिडक्या 1998 च्या, भिंतींना काहीही नाही. तळघरात तेलाची टाकी होती, वर्षाला 2500 लिटर तेल जायचं. निर्णय घेण्याआधीच्या जानेवारीत, बाहेर −8 असताना, मी बॉयलरचं पाणी 70 वरून 50 वर आणलं, रेडिएटरचे सगळे थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या झडपा, पूर्ण उघडले आणि दोन रात्री थर्मामीटर घेऊन घरभर फिरलो. बैठकीची खोली 21. स्वयंपाकघर 20.5. मुलीची उत्तरेकडची खोली मात्र 17.5 च्या वर जाईना. तिच्या पलंगामागचा रेडिएटर एका पत्र्याचा, जेमतेम चार बोटं जाड. तिथे त्याच रुंदीचा तीन पत्र्यांचा, टाइप 33, लावला. तसेच आणखी तीन बदलले. अकरांपैकी चार! एकही फरशी फोडली नाही.

70 हा आकडा रेडिएटरवर कोरलेला नाही. पाण्याची सरासरी 70 वरून 50 वर आली की उष्णता साधारण निम्मी होते, हे खरं. पण हे रेडिएटर बसवले तेव्हा खिडक्या एका काचेच्या होत्या, छत उघडं होतं, आणि बसवणाऱ्याने वर आणखी दोन हात राखून मोठे घेतले होते. आज त्या घराला निम्मी उष्णता पुरते.

जमिनीतली उष्णता घ्यायला बोअर दोन, प्रत्येकी 95 मीटर, कारण तेव्हा 100 च्या पुढे खाणकायद्याचे कागद वाढायचे. पहिल्या पूर्ण वर्षात वीज 5450 युनिट, उष्णता 20,900. म्हणजे विजेच्या एका युनिटला उष्णतेची 3.8 युनिट. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेने जुन्या घरांतले पंप मोजून 2020 मध्ये आकडे दिले: हवेवरचे सरासरी 3.1, जमिनीतले 4.1. म्हणजे मी सरासरीच्याही खाली आहे, आणि तरी वर्षाचं बिल 2500 युरोंवरून दीड हजारावर आलं.

डॉर्टमुंडकर

ती पोस्ट माझी, आणि मी एक शब्द मागे घेत नाही. तुमचं स्वतंत्र घर, बाग, मशीन आत यायला रस्ता. माझं 1908 चं, रांगेतलं. मागचं अंगण सहा बाय पाच, आणि तिथे जायचा रस्ता माझ्या बैठकीच्या खोलीतून. बोअरची गाडी काय सोफ्यावरून नेऊ? हवेवरचा पंप घेतला. बसवणाऱ्याने एकदाही खोल्या मोजल्या नाहीत. पाणी 62 वर लावून गेला, फोन उचलत नाही. मागच्या हिवाळ्यासकट वर्षाला 9100 युनिट वीज. बायको संध्याकाळी शाल पांघरून बसते. तुमचे 3.8 तुम्हाला लखलाभ.

हनोव्हरकर

वहिनींना थंडीत बसावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मग लिहायचं होतं ना की "माझा हवेवरचा पंप चुकीचा बसवला"! तुम्ही लिहिलंत "जुन्या घरात नाव काढू नका". या दोन वाक्यांत लोकांचे वीस-पंचवीस हजार युरो अडकलेत.

गोथेनबर्गची मावशी

मी स्वीडनमधून लिहिते. तुमचा वाद इथल्या शेजाऱ्यांना सांगितला तर ते विचारतील, यात वाद कसला? आमच्या गल्लीतली घरं 1930 ते 1950 ची, सगळीकडे रेडिएटर, आणि निम्म्याहून जास्त घरांच्या दारात बोअर. 1973 च्या तेलसंकटानंतर या देशाने तेलाचे बंब काढायला सुरुवात केली, 1991 मध्ये कार्बन कर आला, मग उरलेलेही गेले. आमचा बोअर 180 मीटर, सगळा ग्रॅनाइट. दोन दिवसांत झाला.

एक गोष्ट मात्र सांगते. सासूबाई सोलापूरहून आल्या. पहिल्याच दिवशी रेडिएटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हे बंद पडलंय." खोलीत 21 होते. हाताला चटका बसला नाही तर आपल्याला ऊब आहे असं वाटतच नाही. आठवडाभर मी त्यांना थर्मामीटर दाखवत होते.

लातूरचा

सगळे युनिट आणि युरो मोजताय. जमिनीचं कोण बोलणार? आमच्याकडे दोनशे फुटांवरून आठशे फुटांवर गेलो बोअर मारत मारत, शेवटी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि इथे परदेशात येऊन तुम्ही पुन्हा घरोघर भोकं पाडायचं कौतुक करताय. जर्मनीतल्या स्टाउफेन गावाचं नाव ऐकलंय का कोणी?

हनोव्हरकर

ऐकलंय. पण या बोअरमधून पाण्याचा थेंबही उपसत नाहीत हो. बंद नळी आहे, आत गोठू नये म्हणून ग्लायकॉल घातलेलं पाणी फिरतं. बोअरवेलशी साम्य फक्त मशीनचं. लातूरचा इथे काय संबंध?

लातूरचा

संबंध नाही? किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो. आमच्या आजीचं माळवद खाली आलं. जमीन हलते म्हणजे काय ते तुम्ही वाचलंय, मी पाहिलंय. दहा वर्षांपूर्वी मी फ्रायबुर्गला राहायचो, स्टाउफेन शेजारी. बायकोला घेऊन मुद्दाम गेलो होतो. जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर हात आत जाईल एवढी भेग. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला घरात बोलावून दाखवलं: दाराची चौकट तिरकी झालेली, दार लागावं म्हणून खालून तीनदा तासलेलं. गावात पाट्या होत्या, "स्टाउफेन तुटता कामा नये". 2007 मध्ये तिथे नगरपालिकेसाठी असेच बोअर मारले होते. सात. 140 मीटर. बंद नळीचेच!

भूवैज्ञानिक_पुणेरी

लातूरच्या भाऊंचे आकडे बरोबर आहेत, पण भेगा का पडल्या ते त्यांनी सांगितलं नाही. स्टाउफेनखाली अॅनहायड्राइटचा, म्हणजे पाणी नसलेल्या जिप्समसारख्या खनिजाचा, थर आहे. बोअरच्या बाजूची सिमेंटची भरणी नीट झाली नाही, खालचं दाबाखालचं पाणी त्या थरात शिरलं. पाणी लागलं की अॅनहायड्राइटचं जिप्सम होतं आणि ते फुगतं. सुरुवातीला गाव महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वर उचललं जात होतं, अडीचशेहून जास्त घरांना तडे गेले. त्याच राज्यातल्या बोब्लिंगेन शहरातही हेच झालं. म्हणून त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आता त्या थराच्या वरच थांबावं लागतं. हा भूकंप नाही, किल्लारीशी त्याची तुलना करू नका. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला 2006 मध्ये भूकंपाचे धक्के बसले तो जमिनीतली उष्णता काढायचा पाच किलोमीटर खोलीचा प्रकल्प, तो विषयच वेगळा.

गोथेनबर्गच्या ग्रॅनाइटमध्ये असं काही होत नाही. हनोव्हरला मात्र खाली कुठे कुठे मिठाचे आणि जिप्समचे थर आहेत. हनोव्हरकर, तुम्ही भूगर्भ खात्याचा नकाशा पाहिला होता की बोअरवाल्याच्या शब्दावर गेलात?

हनोव्हरकर

जलखात्याच्या परवानगीत आमच्या प्लॉटचा अहवाल जोडलेला होता. भरणी झाल्यावर तिची नोंदही मागून घेतली, फाइलला आहे. पण खरं सांगतो, अहवाल मी सही करायच्या आदल्या रात्री चाळला होता. स्टाउफेन माझ्या डोक्यात नव्हतं.

लातूरचा

बघा. हेच म्हणत होतो मी.

गोथेनबर्गची मावशी

लातूरच्या भाऊ, तुमच्या आजीचं वाचून गलबलून आलं. पण एका गावाच्या भरणीत चूक झाली म्हणून सगळ्यांनी तेल जाळत बसायचं का? आमच्याकडे लाखो बोअर आहेत.

लातूरचा

मी नको म्हणत नाही, मावशी. मी म्हणतो, बोअरची खोली लिहिता तशी खाली कुठला दगड आहे तेही लिहा. इथे वाचून उद्या कोणीतरी बोब्लिंगेनमध्ये बोअरवाल्याला फोन लावेल.

भाडेकरू_माइन्झ

घरमालकांची चर्चा चाललीय, आमचंही ऐका. आमच्या मालकाने पंप बसवला आणि भाडं चौरस मीटरला 50 सेंट वाढवलं. कायद्याने तेवढीच मुभा आहे, मान्य. 78 मीटरांचे महिन्याला 39 युरो. गॅसचं बिल गेलं, पण विजेचं किती येणार ते कोणी सांगत नाही, कारण पाणी किती अंशांवर ठेवायचं हे मालक ठरवतो आणि बिल आम्ही भरतो. तळघराला त्याचं कुलूप. हनोव्हरकरांनी दोन रात्री थर्मामीटर घेऊन फिरायचं केलं, ते स्वतःचं घर होतं म्हणून.

डॉर्टमुंडकर

निदान हे तरी कोणीतरी बोललं. हनोव्हरकर, एकूण खर्च किती ते तुम्ही शिताफीने लिहिलेलंच नाही.

हनोव्हरकर

लपवायचं काही नाही. बोअर 16,500, पंप आणि जोडणी 22,000, चार रेडिएटर 3500. एकूण 42,000. अनुदान 30 टक्के मूळ, 20 टक्के चालू तेलाचा बंब काढल्याबद्दल, 5 टक्के जमिनीतल्या पंपाबद्दल, पण ते पहिल्या 30,000 वरच. म्हणजे 16,500 मिळाले. खिशातून 25,500. नवा तेलाचा बंब 12,000 ला पडला असता. वरचे साडेतेरा हजार वर्षाला हजाराच्या बचतीने फिटायला तेरा-चौदा वर्षं लागतील. घाईत पैसे सुटतात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आणि इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा जर्मनीतला दर 2021 मध्ये टनाला 25 युरो होता, 2025 मध्ये 55 झाला. तेल आणि गॅस वापरणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

डॉर्टमुंडकर

तेरा वर्षं. बरं झालं तुमच्याच तोंडून आलं. ठीक आहे, स्वतंत्र घर असेल, खालचा दगड चांगला असेल आणि तेरा वर्षं तिथेच राहायचं असेल तर करा. एवढं मी मानतो, याच्या पुढे नाही.

भूवैज्ञानिक_पुणेरी

डॉर्टमुंडकर, तुमच्या पंपाबद्दल एक विचारू? पाणी कायम 62 वर असतं की बाहेरच्या थंडीप्रमाणे बदलतं? पाणी एक अंशाने उतरलं की वीज साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाचते. आणि थर्मोस्टॅट किती खोल्यांत अर्धे बंद असतात?

डॉर्टमुंडकर

कायम 62. झोपायच्या तिन्ही खोल्यांत थर्मोस्टॅट 2 वर. खालच्या बैठकीत 5 वर, आणि थंडी तिथेच वाजते.

हनोव्हरकर

मग तीन खोल्यांचं पाणी अडवलंय आणि पंप सारखा चालू-बंद होत असणार. सगळे 5 वर करा, पाणी 50 वर आणा, दोन दिवस हात लावू नका. प्रत्येक खोलीचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा. जी खोली मागे राहील तिथलाच रेडिएटर बदलायचा. रांगेतल्या घराला दोन बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब असते, तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं असू शकतं.

डॉर्टमुंडकर

बैठकीतला रेडिएटर एका पत्र्याचाच आहे, आत्ता वाकून पाहिलं. गुरुवारी −6 दाखवतायत. बायकोला विचारून 50 वर आणतो. ती गारठली तर आकड्यांसकट इथेच येऊन सांगेन.