खणाच्या कानातल्यांवर गोंदाचे डाग येतात, कडेचे धागे निघतात. काय चुकतंय?

रिकामटेकडी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. गेल्या दहा-बारा वर्षांत ओटीत आलेले ब्लाउजपीस साठून साठून माझी एक आख्खी सुटकेस भरली होती (त्यातला एक मोरपंखी तर मी स्वतःच जावेच्या ओटीत घातलेला, तो तीन वर्षांनी फिरत फिरत परत माझ्याचकडे आला, घडीवरचा हळदीचा डाग ओळखीचा होता!). तर ते ब्लाउजपीस आणि बेळगावहून आणलेला दीड मीटर खण असं भांडवल घेऊन मार्चपासून घरीच कापडी दागिने करायला लागलेय. कानातली, गळ्याबरोबर बसणारी गळ्यातली, केसांच्या स्क्रंची, बटवे. शिलाई येते त्यामुळे स्क्रंची आणि बटवे झकास होतात. घोडं अडलंय ते कानातल्यांवर.

माझी पद्धत अशी की माउंटबोर्डचा (जाड पुठ्ठ्याचा) गोल कापायचा, दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा, कापडाला मागून फॅब्रिक ग्लू लावायचा, बोर्डवर ताणून बसवायचं, कडा मागे दुमडायच्या, मागे दुसरा गोल चिकटवायचा, भोक, जंपरिंग (हूक अडकवायची छोटी तारेची कडी), हूक, झालं. गणपतीच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये ५०० रुपये भाडं भरून टेबल लावलं, २२ जोड नेले होते, १८० ला एक, १७ गेले आणि मी हवेत! दिवाळीपर्यंत त्यातले ४ परत आले, सगळ्यांचे पैसे दिले. दोघींच्या खणावर मधोमध तेलकट दिसणारे काळपट डाग, एकीच्या कडेचे धागे सुटून मिशा आल्यासारखं झालेलं, आणि एकीचा कान सुजला म्हणे, हूकही काळे पडले होते. वर एका काकूंनी सगळ्यांसमोर "एवढ्याशा चिंधीचे १८०?" असं विचारलं ते वेगळंच. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ३० जोडांची ऑर्डर आलीय आणि मला घ्यायची भीती वाटतेय. कुणी केलंय का हे? गोंद बदलू का?

सुईत_दोरा

गोंद बदलून काही होणार नाही गं, कापडाला आधी पाठ दे. आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं, तिथे कॉलरला आत इस्त्रीने चिकटवतात ते फ्यूजिंग असायचं, त्यातलं अगदी पातळ घे, खणाच्या उलट्या बाजूला ठेव आणि इस्त्री फिरवू नकोस, दाबून ठेव, उचल, पुढे ठेव. वाफ बंद. गार झाल्यावरच कात्री लाव. एकतर गोंद वर यायला वाट राहत नाही आणि दुसरं म्हणजे धागे जागच्या जागी धरून राहतात, खणाला बारीक बुट्ट्यांमुळे मागे सुटे धागे असतात ना, तेच आधी निघतात.

आणि गोल आहे म्हणतेस तर कडा दुमडून चिकटवूच नकोस. कापडाचा गोल बोर्डपेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा काप, कडेने धावदोरा घाल, मध्ये बोर्ड ठेव आणि दोरा ओढ, पुरीच्या पिठाचा गोळा वळताना कडा आत घेतो तसं सगळं मागे गोळा होतं. गाठ मार. समोर एकही सुरकुती येत नाही, आली तर दोरा अजून ओढायचा. चौकोन, त्रिकोण असेल तर मात्र हे नाही चालत, तिथे कोपरे तिरके कापावे लागतात.

अजून सोपं हवं असेल तर कापड चढवलेली बटणं करून घे. लेस-बटणांच्या दुकानात छोटं दाबयंत्र असतं, आपलं कापड दिलं की पाच मिनिटांत करून देतात. बटणाचं माप लाइनमध्ये सांगतात, ४० लाइन म्हणजे एक इंच. मागे खिळीवाली पट्टी चिकटवली की कुडी तयार.

पुठ्ठा_आणि_खळ

वय वर्षे ७१, पस्तीस वर्षं पुस्तकबांधणी केली, दागिन्यातलं कळत नाही पण पुठ्ठ्यावर कापड चढवणं हे आमचंच काम, म्हणून बोलतो. तुमच्या पहिल्याच वाक्यात चूक आहे. "कापडाला मागून ग्लू लावायचा." नाही लावायचा. गोंद पुठ्ठ्याला लावायचा. कापडाला लावला की ते पिणार आणि पुढे दाखवणार, त्यात दोष कापडाचाही नाही आणि गोंदाचाही नाही. चपट्या ब्रशने पुठ्ठ्यावर पातळ थर द्या, मधून कडेकडे, बोट टेकवल्यावर बोटाला लागत नाही पण बोट सोडतही नाही अशी वेळ येते, तेव्हा कापड ठेवा. ओल्या चकाकत्या गोंदावर ठेवलं की डाग पडलाच समजा. मग वर साधा कोरा कागद (वर्तमानपत्र नको, शाई उतरते) आणि त्यावर वजन, रात्रभर. आमच्याकडे स्क्रूचा प्रेस असायचा, तुम्ही डबा भरून तांदूळ ठेवा.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण होत असणार. कानातलं महिन्याभराने वाटीसारखं वाकतं का? एका बाजूला कापड ताणलं आणि दुसरी बाजू कोरी राहिली की पुठ्ठा कापडाकडे वाकतो, पावसाळ्यात तर फारच. म्हणून पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवतात, तो काय शोभेसाठी नसतो. तुमच्या मागच्या गोलालासुद्धा कापड किंवा निदान जाड कागद लावा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की सरळ राहील.

कुणी तुम्हाला खळ वापरा म्हणून सांगेल. आम्ही मैद्याची खळ शिजवायचो आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचो. मोरचूद विष आहे, कानात घालायच्या वस्तूला ते नकोच आणि बिनमोरचुदाच्या खळीला कीड लागते. तुमचा बाटलीतला गोंद बरा आहे.

बाकी मागच्या बाजूचा एक फोटो टाका. पुस्तकाचं काम उघडून आतून बघतात, बाहेरून नाही.

रिकामटेकडी

काका _/\_ वाकतात हो!! मला वाटलं बायका पर्समध्ये दाबून ठेवतात म्हणून. मागच्या बाजूचा फोटो नाही टाकत, लाज वाटते, मागे मी नुसता काळा चार्टपेपर लावलाय 🙈

बेळगावी_कुंदा

ताई, खण कुठला घेतलायसा ते बघा की आधी. आमच्याकडं बाजारात आता खण म्हणून जे मिळतंय त्यातलं बरंचसं पॉवरलूमचं, त्यात पॉलिस्टर असतंय. खरा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, हातमागाचा, सुती आणि रेशमी धाग्याचा, पन्हा लहान. आमची आज्जी त्यातले बुट्टे नावानिशी ओळखायची, हा सूर्यनारायण, हा तेरू म्हणजे रथ. तसला खण असेल तर कापून कानातलं करू नका हो, चोळी शिवा, जीव जातोय बघून! पॉवरलूमचा असेल तर करा काय करायचं ते.

ओळखायचं कसं तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवायचा. कागद जळल्याचा वास आला आणि राख भुरभुरीत पडली तर सूत, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, आणि वितळून टोकाला काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर असेल तर एक फायदाय, पेटती अगरबत्ती कडेनं हळूच फिरवली की कड वितळून बंद होत्या, धागे निघत नाहीत. सुताला हे करायला जाऊ नका, भोक पडंल. आणि पॉलिस्टरला वरच्या ताईंनी सांगितलेली इस्त्री करताना मध्ये सुती रुमाल टाका नाहीतर इस्त्रीलाच चिकटून बसंल.

नथीवाली

कानाचं मी सांगते, माझा धंदाच तो आहे, मोत्याच्या नथी आणि कुड्या करते घरी, पुण्यात. स्वस्तातले हूक बहुतेक वेळा लोखंडाचे नाहीतर पितळेचे असतात आणि वरच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो. निकेल काही जणींना अजिबात सोसत नाही, खाज, पाणी, सूज, आणि एकदा सुरू झालं की पुढे कायमचं. घाम आणि सेंट लागून मुलामा गेला की खालचं उघडं पडतं, ते काळं किंवा हिरवं. त्यामुळे हुकात पैसे वाचवायचेच नाहीत. सर्जिकल स्टीलचे घे, किंवा ज्यांना काहीच चालत नाही त्यांच्यासाठी ९२.५ चांदीचे चार जोड वेगळे ठेव आणि किंमत वेगळी सांग. स्वतः वळणार असशील तर हुकाला २० गेजची तार, मणी ओवायला २६ ची. आकडा वाढला की तार बारीक होते, पहिल्यांदा मी उलटं समजून अख्खं बंडल आणलं होतं रविवार पेठेतून, बोहरी आळीत दुकानदार हसला पण बदलून नाही दिलं.

तारेचं कापलेलं टोक कानसून गुळगुळीत करायचं, हे सगळ्या विसरतात. टोक स्वतःच्या गालावरून फिरवून बघ, ओरखडलं तर कानात काय होईल. कानातल्या सुजा निम्म्या त्यानेच येतात असं माझं मत आहे, निकेलला फुकट शिव्या बसतात.

आणि जंपरिंग उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवू नकोस, एक टोक तुझ्याकडे, एक पलीकडे असं पुढे-मागे करायचं, मग बंद करताना ती परत गोल मिळते. फाकवली की फट राहते आणि लोंबतं ते पडतं कुठेतरी लोकलमध्ये.

स्पष्टवक्ता

रागावू नका पण तुळशीबागेत असली कानातली ५०-६० ला जोड मिळतात. काकूंचं काय चुकलं?

हिशेबनीस

काकूंचं काही चुकलं नाही, चुकलंय रिकामटेकडीताईंचं, त्यांनी हिशेबच मांडलेला नाही. ताई, एका जोडाला सामान किती नि वेळ किती लागतो?

रिकामटेकडी

कापड ४, बोर्ड २, हूक १२, मणी-गोंद धरून १०, कार्ड आणि पाकीट ८. म्हणजे ३६. वेळ... मुलं मध्ये मध्ये येतात, पण ५० मिनिटं धरा.

हिशेबनीस

१७ जोडांचे १८० प्रमाणे ३०६० आले. २२ जोडांचं सामान ७९२, भाडं ५००, परत दिले ७२०. हातात उरले १०४८. वेळ गेला २२ गुणिले ५० मिनिटं, म्हणजे १८ तास २० मिनिटं. तासाला ५७ रुपये पडले, टेबलामागे बसलात तो दिवस मी धरलेलाच नाही. ते ४ जोड परत आले नसते तर तासाला ९६ झाले असते. तेव्हा १८० महाग की स्वस्त हा वाद नंतर घाला, आधी परत येणं थांबवा, तुमची गळती तिथे आहे. तुळशीबागेशी भाव लावायला जाऊ नका, तिथला माल एकेक करून कुणी करत नाही. आणि तुम्हीही एकेक करू नका. एक दिवस नुसते गोल कापा, एक दिवस नुसतं फ्यूजिंग, एक दिवस नुसते हूक. ५० ची ३० मिनिटं होतील.

सुईत_दोरा

+१. कापताना अजून एक, जुन्या लग्नपत्रिकेत तुझ्या मापाची गोल खिडकी काप आणि ती कापडावर सरकवत बघ, काठ कुठे येतो, बुट्टा मधोमध आहे का, आवडलं की तिथेच पेन्सिल फिरव. जोडातला दुसराही तसाच सापडेपर्यंत पहिला कापायचा नाही. डावा-उजवा वेगळा दिसला की गिऱ्हाईक उचलून परत ठेवतं.

रिकामटेकडी

दहा दिवसांनी येतेय, उशीर झाला, पण सगळं करून बघितलं. धागा जाळला तर काळा मणी झाला, म्हणजे माझा "बेळगावचा खण" चक्क पॉलिस्टर निघाला (दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं, असो). पहिल्या तुकड्याला रुमाल टाकायचा विसरले आणि इस्त्रीला तपकिरी चिकट थर बसला, तो काढता काढता नवऱ्याचा ऑफिसचा शर्ट बिनइस्त्रीचा गेला. नंतर मात्र जमलं. गोंद बोर्डला, तांदळाचा डबा रात्रभर, आणि धावदोऱ्याचं काम सासूबाईंनी घेतलं, त्या टीव्ही बघत बघत तासाला दहा गोल ओढून देतात आणि प्रत्येक वेळी म्हणतात की हे तर पूर्वी आम्ही बटणांना करायचो. १२ जोड झाले, एकावरही डाग नाही. हूक स्टीलचे घेतले, जोडाला २६ पडले. भाव २२० केला. काकूंना एक जोड नुसता दाखवला, त्यांनी उलटा करून मागची बाजू बघितली, मागेही खण आहे बघून काही न बोलता पर्स उघडली!

३० ची ऑर्डर घेतली. फक्त त्या बाईंना सगळे लाल हवेत आणि लाल खण माझ्याकडे जेमतेम २० जोडांपुरता आहे. बाकी १० ला ओटीच्या लाल ब्लाउजपीसचा गोल आणि भोवती खणाचा काठ असं केलं तर ठिगळासारखं दिसेल का?

सुईत_दोरा

काठ आतल्या बाजूने शिवून आधी जोड, मग गोल काप. नुसता वरून चिकटवलास तर दिसेल ठिगळ.

पुठ्ठा_आणि_खळ

जोडशिवण आली की मागे जाडी वाढेल, ती शिवण उघडून इस्त्रीने दाबून बसवा, नाहीतर पुढे उंचवटा येतो. आणि आता तरी पाठीचा फोटो टाका.