थायरॉइडचं ऑपरेशन: नाशिकलाच करावं की कॅमेऱ्यासाठी मुंबई गाठावी?

गोदाकाठ:
वहिनीची पूर्ण थायरॉइड काढायचं ठरलंय. कॉलेज रोडच्या सर्जननी कागदावर काढून दाखवलं: मागच्या बाजूला मसूरडाळीएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात, रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हातात. दादा म्हणतो, त्या ग्रंथी कॅमेऱ्यात चमकतात म्हणे, तसं यंत्र असेल तिथेच, मुंबईला नेऊ. मला रोज हेच ऑपरेशन करणाऱ्या हातावर जास्त भरवसा वाटतो.

सिडकोकर:
दादांचं ऐका. माझ्या आईला याच ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कॅल्शियम उतरून ओठांभोवती मुंग्या आल्या. संध्याकाळी सिस्टरनी बीपीचा पट्टा फुगवला आणि आईचा पंजा आखडून आत वळला. तो पंजा अजून डोळ्यांसमोर आहे. सात वर्षं झाली, पहाटे थायरॉइडची गोळी, मग चार तास थांबून कॅल्शियम. या ग्रंथी पिवळट, चरबीत मिसळून जाणाऱ्या. भल्याभल्यांना चकवतात.

पंचवटीची सिस्टर:
सिडकोकर दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते म्हणून सांगते, नुसती चमक पुरत नाही. रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीसुद्धा चमकते! तिला रक्त देणारी फांदी केसासारखी बारीक, ती वाचवायची तर थायरॉइडकडे जाणारी एकेक फांदी थायरॉइडला अगदी लगटून बांधावी लागते. तरीही ग्रंथी काळी पडलीच, तर बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रुजवतात. हे सगळं हाताचं काम.

सिडकोकर:
ताई, दिसलीच नाही तर वाचवणार काय? काढलेल्या थायरॉइडबरोबर ती बाहेर गेली की संपलं. आणि शिरेतून हिरवा रंग देऊन रक्त पोचतंय का हेही दिसतं ना?

पंचवटीची सिस्टर:
दिसतं, मान्य. कॅमेऱ्याने सुरुवातीचे कॅल्शियम उतरण्याचे प्रकार कमी होतात. कायमचं नुकसान टळतं याचा पुरावा मात्र अजून तेवढा भक्कम नाही. गोदाकाठ ताई, आधी व्हिटॅमिन डी तपासून घ्या. ऑपरेशननंतर पीटीएच, म्हणजे या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, कधी तपासणार तेही विचारा. आणि अर्धीच थायरॉइड काढून भागेल का? दुसऱ्या बाजूच्या ग्रंथींना मग हातच लागत नाही.

गोदाकाठ:
गाठी दोन्हीकडे आहेत, म्हणून पूर्ण. पीटीएचचं कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी विचारते, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता हेही.

सिडकोकर:
आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर त्याच दिवशी मुंबईची अपॉइंटमेंट घ्या.