अनुभव धागा: खूप दिवस उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल-डिझेल

वडिलांच्या आजारपणात त्यांची गाडी धुळ्याला पत्र्याच्या शेडखाली चौदा महिने उभी राहिली. टाकी निम्मी भरलेली. ते आता बरे आहेत, गाडीत बसायचं म्हणतात. मला मात्र किल्ली फिरवायला धजत नाही. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी काय बिघडलं, काय केलं ते सविस्तर लिहा.

अमळनेरहून
मी थेट किल्ली फिरवली, तीच चूक. मार्च २०२० ला उभी केलेली गाडी पुढच्या वर्षी दिवाळीला काढली. बॅटरी नवी टाकली, लगेच सुरूही झाली. दोन किलोमीटर गचके खात गेली आणि बंद. मिस्तरींनी मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला तर जाळीवर तपकिरी चिकटा. बाटलीत घेतलेलं पेट्रोल हुंगून म्हणाले, "भाऊ, हाई पेट्रोल नही, रोगण शे." आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडतो. उरलेलं हवेशी संयोग होऊन डिंकासारखं होतं. गाडी चालवल्यामुळे तो डिंक इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत गेला. टाकी, फिल्टर, इंजेक्टर मिळून साडेनऊ हजार गेले. आधी टाकी रिकामी केली असती तर निम्म्यात भागलं असतं, असं मिस्तरीच म्हणाले.

भुसावळहून
थोडं पेट्रोल टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत काढा, रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं काढायचं. २०२३ पासून मिळणाऱ्या ई२० मध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं. पंपही तिथूनच ओढतो.

शहाद्याहून
आमची डिझेल जीप. डिझेलचं दुखणं निराळं. तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जंतू वाढून काळा गाळ धरतो. फिल्टरखालच्या स्क्रूतून पाणी काढलं, फिल्टर बदलला, मग हातपंपाने लाइनीतली हवा काढली. तोवर सेल्फ मारत बसू नका.

चोपड्याहून
कळकळीने सांगते, तोंडाने नळी ओढू नका. माझ्या भावाने ओढली, ठसका लागला आणि पेट्रोल श्वासातून आत गेलं. फुप्फुसाला सूज आली, चार दिवस ऑक्सिजनवर होता. हाताने दाबायचा पंप बाजारात मिळतो. तसंही बऱ्याच नव्या गाड्यांत टाकीच्या तोंडातून नळी आत जात नाही, पंपाच्या झाकणातूनच काढावं लागतं. ते मोकळ्या हवेत, बॅटरीची वायर सोडवून, जाणत्या माणसाकडून करून घ्या. काढलेलं गटारीत किंवा बांधावर ओतू नका, खाली विहिरी आहेत.

चाळीसगावहून
सरसकट घाबरू नका. माझी पाच महिने उभी होती. बाटलीत स्वच्छ दिसलं, वासही नेहमीचा, म्हणून वरून ताजं पेट्रोल भरलं. काही त्रास नाही. चौदा महिन्यांना मात्र हे करू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. रविवारी बाटलीत काढून पाहिलं. कोऱ्या चहाचा रंग, आंबूस वास, तळाला बोटभर थर. आज टाकी रिकामी झाली. पंपाची जाळी आणि फिल्टर जळगावहून मागवलेत. वडिलांना सांगितलंय, जाळी-फिल्टर बसेपर्यंत किल्ली तुमच्याकडेच ठेवा.